डबा चुकतो, अनोळखी माणसे भेटतात. पण भेट घडवणाऱ्याचे गाव पडद्यावर का दिसत नाही?

मुंबईत राहणारी, एकमेकांना अजिबात न ओळखणारी तीन-चार माणसे. प्रत्येकाची भाषा वेगळी, धर्म वेगळा, भाड्याची खोली वेगळी. मग काहीतरी घडते आणि त्यांची आयुष्ये एकमेकांत गुंततात. असे चित्रपट परदेशी महोत्सवात गाजतात, दोन दिवस बातम्या होतात, मोबाईलवर नोटिफिकेशन येते आणि बहुतेक जण ते बोटाने बाजूला सारतात. ‘आर्ट फिल्म आहे, आपल्यासाठी नाही’ हे त्यामागचे कारण.

मंचरहून घोडेगाव, डिंभे करत भीमाशंकरकडे जाणाऱ्या रस्त्यावर तळेघर लागते. आंबेगाव तालुक्याचा हा पश्चिम पट्टा म्हणजे भातखाचरे, हिरडा, मुसळधार पाऊस आणि आदिवासी वस्त्या. इथे चित्रपटगृह नाही. सिनेमा पाहायचा तर मोबाईलवरच. त्यामुळे ‘आपल्यासाठी नाही’ हे वाक्य इथे आणखी सहज निघेल. पण ते तपासून पाहायला हवे. कारण मुंबईवरच्या ज्या चित्रपटांची जगाने दखल घेतली, त्यातल्या एकाची गोष्ट जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ, मुळशी या तालुक्यांतल्या माणसांशिवाय घडूच शकत नाही. तो चित्रपट म्हणजे ‘द लंचबॉक्स’.

गोष्ट काय आहे?

रितेश बत्रा यांचा हा चित्रपट २०१३ मध्ये आला. कान महोत्सवाच्या ‘क्रिटिक्स वीक’ विभागात तो आधी दाखवला गेला, तिथे त्याला प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार मिळाला आणि २० सप्टेंबरला तो भारतात प्रदर्शित झाला. इला (निम्रत कौर) ही गृहिणी नवऱ्यासाठी मन लावून डबा बनवते. तो डबा चुकून निवृत्तीला आलेल्या साजन फर्नांडिसच्या (इरफान खान) टेबलावर पोहोचतो. पोळ्यांबरोबर चिठ्ठ्या जाऊ लागतात. साजनच्या हाताखाली आलेला शेख (नवाजुद्दीन सिद्दीकी) हा अनाथ तरुण या गोष्टीत घुसतो. इलाच्या वरच्या मजल्यावरच्या देशपांडे काकू कधीच दिसत नाहीत, फक्त भारती आचरेकरांचा आवाज खिडकीतून येतो आणि दोरीला बांधलेल्या टोपलीतून मसाला उतरतो.

ख्रिश्चन विधुर, हिंदू गृहिणी, मुस्लिम कारकून आणि मराठी शेजारीण. मुंबईची बहुभाषिक, बहुधर्मीय वीण यात कुठेही भाषण न देता येते. बत्रा मुळात डबेवाल्यांवर माहितीपट करण्याच्या तयारीत होते. त्यासाठी २००७ मध्ये त्यांनी डबेवाल्यांबरोबर काही दिवस काढले होते. तो माहितीपट झाला नाही, त्याऐवजी ही गोष्ट झाली. आणि इथेच गंमत आहे. ज्यांच्यावर चित्रपट व्हायचा होता ते मागे सरकले आणि ज्यांचे डबे ते वाहत होते ती माणसे पुढे आली.

चूक एकदा होते की रोज?

या चित्रपटावर सर्वाधिक घेतला जाणारा आक्षेप म्हणजे डबेवाल्यांची चूक होतच नाही, मग गोष्ट खरी कशी मानायची? ‘१ कोटी ६० लाख फेऱ्यांत एक चूक’ हा आकडा सगळ्यांनी ऐकलेला असतो. ‘फोर्ब्स’ मासिकात १९९८ मध्ये लेख आला आणि तेव्हापासून सिक्स सिग्माची बिरुदावली डबेवाल्यांना चिकटली. आकडा जसाच्या तसा खरा धरला तरी गणित सोपे आहे. भरभराटीच्या काळात दिवसाला सुमारे २ लाख डबे जात. जाणे आणि रिकामा डबा परत येणे मिळून ४ लाख फेऱ्या. म्हणजे साधारण ४० कामाच्या दिवसांत एक चूक, वर्षाला सात-आठ. इलाचा डबा त्या सात-आठांपैकी एक मानायला हरकत नाही.

खरा प्रश्न वेगळा आहे. चित्रपटात डबा एकदा नाही, रोज चुकतो. हे मात्र यंत्रणा कशी चालते ते समजून घेतले की पटते. डबा घरातून उचलणारा एक, जवळच्या स्टेशनवर वाटणी करणारा दुसरा, लोकलच्या मालडब्यातून नेणारा तिसरा आणि ऑफिसच्या मजल्यावर पोहोचवणारा चौथा. पत्ता कुणीच वाचत नाही. झाकणावर रंगाने काढलेली खूण, आकडा, अक्षर यावरून कुठले स्टेशन, कुठली इमारत, कितवा मजला हे कळते आणि बाकीचे काम सवय करते. गडबडीत एखादा डबा दुसऱ्याच्या हातगाडीवर गेला तर ती योगायोगाची चूक. दुसऱ्या दिवशी ती आपोआप सुधारते. पण खूणच चुकीची पडली, तर प्रत्येक हात आपापले काम अगदी बरोबर करतो आणि डबा रोज चुकतो. साखळीतल्या कोणालाही ते कळत नाही. कळते फक्त जेवणाऱ्याला आणि पाठवणाऱ्याला.

इलाला ते कळतेच. ती डबेवाल्याला सांगतेही, की डबा दुसरीकडे जातोय. तो ऐकून घेत नाही. हार्वर्डचे लोक येऊन पाहून गेले, इंग्लंडचा राजाही येऊन गेला, चूक होणारच नाही, असे तो सांगतो. (राजा तेव्हा युवराज होता. चार्ल्स नोव्हेंबर २००३ मध्ये चर्चगेटला डबेवाल्यांना भेटले आणि २००५ मध्ये त्यांच्या लग्नाला दोन डबेवाले लंडनला जाऊन आले. हार्वर्ड बिझनेस स्कूलचा अभ्यास २०१० चा.) प्रेक्षक इथे हसतात, पण हा प्रसंग नुसता विनोदाचा नाही. स्वयंपाकघरात उभी असलेली बाई काय सांगते यापेक्षा परदेशातून आलेल्या शिफारशीवर यंत्रणेचा विश्वास जास्त आहे. इलाचा नवराही तिचे ऐकत नाही, डबेवालाही नाही. तिचे म्हणणे वाचणारा एकच माणूस आहे आणि तो अनोळखी आहे.

पाश्चात्त्य चित्रपटात अपघात, मुंबईत डबा

अनोळखी आयुष्ये एकत्र आणणारे चित्रपट जगभर झाले. मेक्सिकोच्या ‘अमोरेस पेरोस’मध्ये (२०००) मोटारीची धडक माणसांना जोडते. लॉस एंजेलिसवरच्या, ऑस्कर मिळवणाऱ्या ‘क्रॅश’चे तर नावच ते. ‘बाबेल’मध्ये (२००६) एका बंदुकीची गोळी चार देश जोडते. तिथली शहरे अशी, की माणसे एकमेकांना भेटायची तर काहीतरी फुटावे लागते.

मुंबईवरच्या चित्रपटांत तसे सहसा होत नाही. अपवाद आहेत. निशिकांत कामत यांच्या ‘मुंबई मेरी जान’मध्ये (२००८) ११ जुलै २००६ च्या लोकलमधल्या बॉम्बस्फोटांनी माणसांना बांधले. उमेश कुलकर्णी यांच्या ‘हायवे’मध्ये (२०१५) मुंबई-पुणे रस्त्यावरची गाड्यांची गर्दी ते काम करते. पण ‘द लंचबॉक्स’मध्ये डबा आहे. किरण राव यांच्या ‘धोबी घाट’मध्ये (२०११) कपडे आहेत. त्यातला मुन्ना हा दरभंग्याहून आलेला धोबी. चित्रकार अरुण आणि अमेरिकेहून आलेली शाय, दोघांच्याही घरी त्याचे जाणे-येणे आहे आणि शेवटी शायला अरुणचा पत्ता देणारा तोच.

म्हणजे इथे अपघात नव्हे, कोणाचे तरी रोजचे काम माणसांना जोडते. श्रीमंत-मध्यमवर्गीय पात्रे एकमेकांना ओळखत नाहीत. पण दोघांचाही पत्ता ठाऊक असलेला एक माणूस शहरात असतो आणि तो बहुधा बाहेरगावचा असतो. मुंबईवरच्या चित्रपटांनी नेमके हेच अचूक टिपले आणि नेमके इथेच ते थांबले.

‘द लंचबॉक्स’मध्ये सायकली दिसतात, हातगाड्या दिसतात, पांढऱ्या टोप्या दिसतात, लोकलमधले भजन ऐकू येते. चित्रीकरण सुंदर आहे, यात वाद नाही. पण एकाही डबेवाल्याला घर नाही, बायको नाही, गाव नाही. साजनची मृत पत्नी जुन्या व्हिडिओ कॅसेटमधून भेटते, शेखचे लग्नही होते. डबेवाला मात्र पट्ट्यावर फिरणाऱ्या यंत्रासारखा. महादू हावजी बच्चे यांनी १८९० मध्ये सुमारे शंभर माणसे घेऊन हे काम सुरू केले असे सांगितले जाते. म्हणजे सव्वाशेहून अधिक वर्षे या पाच-सहा तालुक्यांतून पोरे मुंबईला जाताहेत, गाववाल्याच्या खोलीत दहा-बारा जणांत राहताहेत, शेताच्या कामाला आणि जत्रेला परत येताहेत. यातले काहीच पडद्यावर येत नाही. चित्रपट छानच आहे, पण तो डबा खाणाऱ्यांचा आहे.

मग गावापर्यंत गेलेला चित्रपट कोणता?

पायल कपाडिया यांचा ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’. मे २०२४ मध्ये त्याला कानचा ‘ग्रां प्री’ हा दुसऱ्या क्रमांकाचा सन्मान मिळाला. कानच्या मुख्य स्पर्धेत भारतीय चित्रपट तीस वर्षांनी पोहोचला होता. त्याआधीचा शाजी करुण यांचा ‘स्वाहम’, १९९४ चा. कपाडिया पुण्याच्या एफटीआयआयच्या विद्यार्थिनी. २०१५ मध्ये त्या संस्थेत १३९ दिवस संप झाला, त्यात त्या होत्या.

चित्रपट सुरू होतो तो दादरच्या बाजारातल्या रात्रीच्या गर्दीत. वेगवेगळ्या भाषांतले आवाज येतात: आपण मुंबईत कसे आलो, इथे काय मिळाले, काय गेले. मग गोष्ट तीन बायकांवर येते. प्रभा (कनी कुसृती) आणि अनू (दिव्या प्रभा) या मल्याळी नर्स एका खोलीत राहतात. प्रभाचा नवरा लग्नानंतर लगेच जर्मनीला गेला, त्याच्याकडून आता एक राइस कुकर तेवढा आला आहे. अनूचे शियाझ या मुस्लिम तरुणावर प्रेम आहे आणि भेटायला जागा नाही. तिसरी पार्वती (छाया कदम), त्याच रुग्णालयात स्वयंपाक करणारी. ती रत्नागिरीकडची.

पार्वतीचा नवरा गिरणी कामगार होता. तो वारला, घराची कागदपत्रे कुठे आहेत ते तिला माहीत नाही. बिल्डरला टॉवर बांधायचा आहे. इतकी वर्षे राहिलेल्या घरात आपण राहत होतो हे तिला सिद्ध करता येत नाही.

आंबेगावच्या वाचकाला ही गोष्ट लांबची वाटू नये. महाळुंगे पडवळचे बाबू गेनू मुंबईत गिरणी कामगारच होते. १२ डिसेंबर १९३० रोजी परदेशी कापडाच्या ट्रकसमोर आडवे होऊन त्यांनी प्राण दिले. डिंभे धरणाच्या जलाशयाला त्यांचेच नाव आहे आणि त्याच जलाशयाखाली जुने आंबेगाव गाव गेले. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले आणि त्यानंतर गिरणगाव उभे राहिलेच नाही. कोकणाइतकीच घाटावरची घरेही त्यात होती. नवऱ्याच्या नावावरचा कागद सापडत नाही म्हणून अडलेली बाई शोधायला सिनेमात जायची गरज नाही, धरणग्रस्तांच्या वस्तीत किंवा तलाठी कार्यालयाबाहेर ती भेटते.

चित्रपटात शेवटी मुंबई सोडते ती पार्वतीच. हा मुद्दा जितका बोलला जायला हवा होता तितका बोलला गेला नाही. तीन बायकांपैकी मराठी बाईच शहराबाहेर ढकलली जाते. केरळहून आलेल्या दोघी राहतात. यावर एखादा जण लगेच ‘परप्रांतीयांनी जागा बळकावली’ असे म्हणू शकेल. दिग्दर्शिकेने त्याला वाव ठेवलेला नाही. पार्वतीचे घर नर्सनी घेतलेले नाही, टॉवरने घेतले आहे. तिच्यासाठी वकिलाकडे जाणारी प्रभा आहे. तिचे सामान उचलून गावापर्यंत सोडायला आलेल्याही याच दोघी. भाषेवरून चाललेल्या भांडणात मुंबईचा खरा हिशोब कसा दडून राहतो, हे इतक्या शांतपणे अलीकडे कुठल्या चित्रपटाने सांगितलेले नाही.

आणि मग कॅमेरा गावाला जातो. पाहुणा म्हणून दोन मिनिटे नाही, चित्रपटाचा मोठा भाग तिथे घडतो. समुद्र, झाडी, वीज नसलेले घर. शहरात जे बोलता येत नव्हते ते तिथे बोलता येते, अनूला शियाझला भेटता येते. टीकाही करायला हवी. हे गाव जरा जास्तच मोकळे, जास्तच स्वप्नाळू आहे. गावात चार डोळे नेहमी पाहत असतात, हे कुठल्याही गावातला माणूस सांगेल. हिंदू मुलगी आणि मुस्लिम मुलगा झाडीत भेटतात आणि कोणाला पत्ता लागत नाही, हे शहरातून आलेल्या नजरेचे गाव आहे. पार्वतीला तिथे पुढे काम काय मिळणार, याचेही उत्तर नीट मिळत नाही. तरीही ‘द लंचबॉक्स’ जिथे थांबला त्याच्या पुढचे पाऊल इथे पडले, हे मान्य करावे लागते.

ऑस्करला दोन्ही का गेले नाहीत?

याचे उत्तर थोडक्यात. २०१३ मध्ये फिल्म फेडरेशन ऑफ इंडियाने ‘द लंचबॉक्स’ऐवजी ‘द गुड रोड’ हा गुजराती चित्रपट पाठवला. २०२४ मध्ये कपाडिया यांच्याऐवजी ‘लापता लेडीज’. भारतात घडणारा युरोपीय चित्रपट पाहतो आहोत असे परीक्षकांना वाटले, असे फेडरेशनच्या अध्यक्षांनी तेव्हा सांगितले होते. मराठी पार्वती, तिचा गिरणी कामगार नवरा, रत्नागिरीचे गाव, मल्याळम बोलणाऱ्या नर्स आणि दादरचा बाजार. यात युरोपीय काय, ते कळायला मार्ग नाही. पैसा फ्रान्सचाही होता, हे खरे. पण मग ‘द लंचबॉक्स’मध्येही फ्रान्स-जर्मनीचा पैसा होता आणि आपल्या सरकारी एनएफडीसीचाही.

योगायोग असा, की ‘लापता लेडीज’च्या दिग्दर्शिका ‘धोबी घाट’वाल्याच किरण राव. त्यातही अदलाबदलच आहे, डब्याऐवजी घुंघटाखालच्या नवऱ्या मुलींची. आणि स्टेशनवर चहाचा स्टॉल चालवणारी त्यातली मंजू माई पुन्हा छाया कदमच. ‘फँड्री’, ‘सैराट’पासून मराठी प्रेक्षकाला माहीत असलेली ही अभिनेत्री त्या वर्षी दोन्ही पारड्यांत होती.

पाहायचा तर कसा?

‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ २२ नोव्हेंबर २०२४ ला देशभर प्रदर्शित झाला. मल्टिप्लेक्स असलेल्या शहरांपलीकडे तो फारसा गेला नाही. जानेवारी २०२५ पासून तो ओटीटीवर आला, तेव्हा कुठे तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचायची वाट उघडली. पण एक अडचण राहते. चित्रपटातल्या मल्याळम संवादांखाली थिएटरमध्ये इंग्रजी अक्षरे होती. घोडेगावच्या आश्रमशाळेतून शिकून बाहेर पडलेल्या मुलीला पार्वतीचे मराठी सहज कळेल, प्रभाचे मन मात्र इंग्रजीतून वाचावे लागेल. मराठी बाईची फरफट दाखवणाऱ्या चित्रपटाला मराठी सबटायटल्स देणे हे काही अवघड तंत्रज्ञान नाही. दोन तासांच्या चित्रपटाचे संवाद उतरवून भाषांतर करायला एका माणसाला काही दिवस लागतील. राज्य सरकार मराठी चित्रपटांना अनुदान देते. महाराष्ट्रात घडणाऱ्या इतर भाषांतल्या चित्रपटांना मराठी अक्षरे देण्यासाठी त्यातला छोटासा वाटा काढला, तर ते मराठीचेच काम होईल. ओटीटी कंपन्यांना ग्राहक खेड्यातून हवे आहेत. तर भाषाही तिथली द्यावी, ही मागणी जास्तीची नाही.

कारण या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग अजून कोणी चित्रपटात मांडलेला नाही. मार्च २०२० मध्ये लोकल थांबली, डबे थांबले आणि डबेवाले गावाकडे आले. सगळे परत गेले नाहीत. ऑफिसात जाणारेही कमी झाले, घरून काम करणाऱ्याला डबा लागत नाही. पूर्वी ज्या पोराने पांढरी टोपी घालून चर्चगेट गाठले असते तो आज चाकणच्या कारखान्यात कंत्राटी कामावर असतो, नाहीतर ॲपवरून आलेली ऑर्डर पाठीवरच्या पिशवीत घेऊन पुण्यात फिरत असतो. ॲपला झाकणावरची खूण लागत नाही, आणि घरच्या स्वयंपाकाशीही त्याचे काही देणेघेणे नाही. तळेघरच्या बाजूच्या आदिवासी पाड्यांतले चित्र आणखी वेगळे. भात निघाला की कुटुंबेच्या कुटुंबे नारायणगाव, मंचरकडच्या बागायती शेतांवर मजुरीला उतरतात. तिथेही अनोळखी माणसे एकमेकांना भेटतात, भाषा वेगळ्या असतात, मुक्कामाची खोली भाड्याची असते. फक्त शहर नसते, म्हणून ते बहुधा कुठल्या महोत्सवात जात नाही.

डबेवाले चैत्रात चार-पाच दिवसांची सुट्टी घेतात. गावोगावच्या जत्रा असतात, कुलदैवताची पालखी असते. ग्राहकांना आधी कळवले जाते आणि त्या दिवसांत मुंबईतली ऑफिसे बाहेरचे खातात. ‘द लंचबॉक्स’मध्ये ही सुट्टी येत नाही. आली असती तर इलाच्या चिठ्ठीला चार दिवस उत्तर मिळाले नसते, साजन कँटीनमध्ये जेवला असता आणि त्या दोघांना जोडणारा माणूस त्या वेळी खेड-आंबेगावच्या एखाद्या माळावर, गुलालात, बैलगाड्यांच्या गर्दीत उभा असता.